गोधडीची मजुरी ठरवायची कशी: इंदूरमधल्या महिला गटांसाठी

बाळाच्या गोधडीची ऑर्डर घेऊन व्यापारी येतो, नमुना उलटसुलट करून बघतो आणि नगामागे तीनशे रुपये मजुरी सांगतो. गटातल्या बायका एकमेकींकडे बघतात आणि हो म्हणतात, कारण आपले तास किती गेले हे कुणी मोजलेलेच नसते. फेअर ट्रेड म्हणजे कारागिराला रास्त मोबदला देणारा व्यापार. त्याची सगळी तत्त्वे यानंतर येतात. आधी घड्याळ आणि वही हवी.

इथे 100 × 100 सेंटिमीटरची, तीन थरांची, हाताने धावदोरा घातलेली गोधडी उदाहरणाला घेतली आहे. हाच हिशेब पिशवी, उशीचे अभ्रे, टेबलावरचे रुमाल यांनाही लागतो.

कापडापासून सुरुवात करू. 112 सेंटिमीटर पन्ह्याचे सुती कापड वरच्या थराला 1.15 मीटर, खालच्याला 1.15 आणि काठाच्या पट्टीला 0.25 मीटर, म्हणजे एकूण 2.55 मीटर. मधल्या थराला 1.15 मीटर मलमल. जाड सुती दोरा साधारण 50 मीटर. कापड मुद्दाम जास्त धरले आहे. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा 3 ते 5 आटते आणि धावदोऱ्याने गोधडी आणखी दोन-तीन सेंटिमीटर आखडते. म्हणून धुतलेल्या कापडाचे 106 × 106 चे तुकडे बेतायचे आणि टाके पूर्ण झाल्यावर कडा कापून 100 वर आणायचे. तिन्ही थर आधी न धुता शिवले तर गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्याच धुण्यात एक थर आटतो, दुसरा फुगतो, आणि तक्रार गटाकडे येते. घरच्या गोधडीत जुनी साडी चालते, शोभतेही. विकायच्या मालात मात्र नवी मलमलच घाला. जुन्या साडीचा पोत जागोजागी विरलेला असतो आणि तो कुठे फाटेल ते आधी कळत नाही.

महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधून ठोक कापड घेताना प्रत्येक ताग्याचा रंग तपासा. 10 सेंटिमीटरचा तुकडा पांढऱ्या मलमलीत गुंडाळून साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवायचा, मग ओलाच चोळायचा. मलमलीला रंग लागला तर तो तागा बाळाच्या गोधडीला घेऊ नका, पिशव्यांना घ्या. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होईल या भरवशावर तर मुळीच राहू नका. धार जिल्ह्यातल्या बागचे लाल-काळे छापे असोत की उज्जैनच्या भैरूगढचे मेण लावून रंगवलेले बाटिक, गोधडीवर दोन्ही उठून दिसतात. बाटिकची एक वेगळी परीक्षा आहे. कापडावर कोरा कागद ठेवून गरम इस्त्री फिरवा. कागदावर तेलकट डाग उमटला तर मेण पुरते निघालेले नाही. असे कापड परत करा, कारण त्यावर सुई अडते आणि डाग पुढेही दिसत राहतो.

आता टाके. थर जमिनीवर ताणून अंथरा आणि मधून बाहेर 15 सेंटिमीटरच्या अंतराने कच्चे टाके घाला. रेघा खडूने किंवा साबणाच्या चिपटीने आखा. पेन्सिलीची रेघ धुतल्यावरही राहते. काठापासून आत फेर घेत जाण्याची जुनी रीत सुंदर दिसते, पण शिकाऊ हाताकडून मधे फुगवटा उरतो. नव्या बायकांनी मधल्या रेघेपासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना जावे. इंचाला चार-पाच टाके पुरेत. वीतभर शिवून झाले की तळहाताने कापड सारखे करायचे. दोरा ओढून धरला की चुण्या पडतात, आणि त्या इस्त्रीने जात नाहीत.

सुयांची मोजदाद ठेवा, इथे ढिलाई नको. सकाळी सुई मोजून द्यायची, संध्याकाळी मोजून घ्यायची. सुई मोडली तर दोन्ही तुकडे आणून दाखवल्यावरच नवी मिळेल. एक तुकडा सापडत नसेल तर हातातली गोधडी बाजूला ठेवून तिच्यावरून लोहचुंबक इंचाइंचाने फिरवा. तरी सापडला नाही तर ती गोधडी विकू नका. बाळ तिच्यावर झोपणार आहे. सुई मोडल्याचा दंड मात्र कधीच लावू नका. दंड असला की बायका मोडलेली सुई लपवतात.

आता मजुरी. 2.5 सेंटिमीटर अंतराच्या रेघा घेतल्या तर सुमारे 40 रेघा, म्हणजे 40 मीटर धावदोरा होतो. सरावाचा हात तासाला चार मीटर जातो असे धरले तर 10 तास. धुणे, बेतणे यांचा 1 तास, कच्चे टाके 1, काठाची पट्टी दीड, दोरे कापणे आणि इस्त्री अर्धा. एकूण 14. हे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. आपल्या गटातल्या तिघींना एक-एक गोधडी द्या, मधे चूल किंवा पाणी आले की घड्याळ थांबवा, आणि मधल्या हाताची वेळ धरा. सगळ्यात चपळ बाईची वेळ धरली की बाकीच्या सगळ्या तोट्यात जातात. फेअर ट्रेडचे नाव लावलेल्या गटांतही ही चूक होते.

तासाचा दर मनाने ठरवू नका. मध्य प्रदेशच्या श्रम विभागाने जाहीर केलेला किमान दिवसदर घ्या, त्याला 8 ने भागा. तो तळ आहे. त्याच्या वर जेवढे जमेल तेवढे जा. समजा ताशी 65 रुपये ठरले. 14 तासांचे 910. कापड मीटरला 150 आणि मलमल 80 रुपये धरून, दोरा आणि वेष्टणासह माल 520. बेरीज 1,430. त्यावर 15 टक्के भाडे, रिक्षा, नमुने आणि बिघडलेल्या मालासाठी. किंमत साधारण 1,645.

व्यापारी म्हणेल, महाग आहे. इथे मजुरी कमी करायची नाही, काम कमी करायचे. रेघांमधले अंतर 5 सेंटिमीटर केले की टाक्यांचे तास 10 वरून 5 वर येतात, एकूण 9. मजुरी 585, किंमत साधारण 1,270. गोधडी थोडी मोकळी दिसते, पण टिकते. तासाचा दर तोच राहतो. एवढे एक जमले की बाकीची घासाघीस सोपी होते. दोन्ही नमुने शेजारी मांडा आणि त्याला निवडू द्या. तीनशेचीच मागणी असेल तर ऑर्डर सोडा.

ऑर्डर घेताना निम्मे पैसे आगाऊ मागा. वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन या जागतिक संघटनेच्या 10 तत्त्वांतही हस्तकलेच्या मालाला, मागितल्यास, किमान 50 टक्के बिनव्याजी आगाऊ रक्कम देण्याची अट आहे. पण तेवढ्याने भागत नाही, हिशेब करून बघा. 1,270 च्या 20 गोधड्या म्हणजे 25,400, आगाऊ 12,700. मालाला 10,400 गेले, उरले 2,300. मजुरी 11,700 द्यायची आहे. म्हणजे 9,400 कमी पडतात. एवढी शिल्लक गटाकडे नसेल तर दहा-दहाच्या दोन खेपा करा आणि पहिल्या खेपेचे पूर्ण पैसे आल्यावर दुसरी सुरू करा. व्यापाऱ्याचे पैसे आले की मजुरी देऊ, असे बाईला कधी सांगू नये. तिची मजुरी शनिवारच्या शनिवारी, तिच्या स्वतःच्या खात्यात. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्यात टाकलेली मजुरी तिच्या हाती किती येते, हे प्रत्येक वस्तीत माहीत आहे.

गटाची उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी, करून घ्या, ती मोफत होते. नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात, असे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा 2006 चा एमएसएमईडी कायदा सांगतो. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागते. बिलावर उद्यम क्रमांक आणि ही अट छापून घ्या. विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्या कार्यालयाकडून प्रत्येकीचे कारागीर ओळखपत्रही काढा, सरकारी प्रदर्शनांत जागा मागताना ते उपयोगी पडते. ढक्कनवाला कुआँचा ग्रामीण हाट बाजार आणि लालबागेतला मालवा उत्सव इथे गिऱ्हाईक थेट भेटते आणि दुकानदाराचा वाटा वाचतो. मात्र तिथे बसणाऱ्या बाईचे तासही त्याच दराने लिहा. फेअर ट्रेडचे अधिकृत चिन्ह त्या संघटनेचे सदस्य झाल्याशिवाय लेबलवर छापू नका. त्याऐवजी किती तास लागले आणि मजुरी किती दिली ते साध्या मराठी-हिंदीत छापा.

प्रत्येक नगाची चिठ्ठी हवी: नंबर, माप, रेघांचे अंतर, तास, मजुरी, दिल्याची तारीख. एक प्रत तिच्याकडे, एक गटाकडे. वाचता येत नसेल तर मजुरीचा आकडा ठळक लिहा आणि मोठ्याने वाचून दाखवा. तपासणी काठाची पट्टी लावण्यापूर्वी करा. तेव्हा चूक उसवून सुधारता येते, पट्टी लागल्यावर दुप्पट काम होते. कापडाचा दोष असेल तर पूर्ण मजुरी द्या, तो खर्च त्या 15 टक्क्यांतला आहे.

दिवसाला तीन तास धरले तर एका बाईच्या आठवड्यात 9 तासांच्या दोन गोधड्या बसतात, दहा जणींच्या वीस. व्यापाऱ्याला मात्र दोन आठवडे सांगा, गणपती, दिवाळी आणि लग्नसराईत तीन. पावसाळ्यात तयार माल जमिनीवर ठेवू नका, पूर्ण वाळल्याशिवाय प्लास्टिकमध्ये घालू नका आणि बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या टाकू नका. वाळवलेला कडुलिंबाचा पाला पुरतो.

किमान वेतनाचे दर वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, महागाईप्रमाणे बदलतात. त्या दोन महिन्यांच्या पहिल्या बैठकीत तासाचा दर पुन्हा काढा, दरपत्रक बदला आणि जुन्या गिऱ्हाइकांना लेखी कळवा. सहा महिन्यांहून लांबची ऑर्डर घेताना ‘नवा दर लागू झाल्यास किंमत बदलेल’ ही ओळ पहिल्या दिवशीच घाला.