जुन्या टीव्हीला नवा प्लेयर जोडताय? या चुका टाळा

चवथीला धाकटा भाऊ दुबईहून ब्लू-रे प्लेयर घेऊन आला, आणि डिचोलीच्या घरी टीव्ही अजून तोच, २१ इंची, डबा टीव्ही. आई तो काढायला देत नाही. गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटोळी बांधून झाल्यावर आम्ही दोघे वायरी घेऊन जे बसलो ते आरतीची वेळ झाली तरी पडदा काळाच.

पहिली चूक माझीच. म्हापशातल्या दुकानातून एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला पिवळी-पांढरी-लाल अशी साधी वायर आणली, दुकानदार म्हणाला "चलता मरे", आणि मी पण विश्वास ठेवला. ती चालतच नाही हो! एचडीएमआयमधून डिजिटल सिग्नल येतो, जुन्या टीव्हीला अ‍ॅनालॉग लागतो, मध्ये कन्व्हर्टरची डबी हवीच आणि तिला यूएसबीने करंट द्यावा लागतो. प्लेयरच्या मागे चित्राचं पिवळं भोक शोधत बसू नका, कारण २०१३ संपल्यापासून ब्लू-रे प्लेयर बनवणाऱ्यांना डिस्कचं चित्र अ‍ॅनालॉगमधून द्यायला लायसन्समध्येच बंदी आहे.

डबी आणली तर चित्र काळं-पांढरं आणि वरखाली पळतंय. डबीवर बारीकसा स्विच असतो, पाल आणि एनटीएससी, म्हणजे टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती, तो एनटीएससीवर होता. आपल्याकडचा टीव्ही पाल, स्विच सरकवला की रंग आले. मग आवाज नाही! प्लेयरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बिटस्ट्रीम (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) होतं, ते पीसीएम (प्लेयरनेच उलगडलेला आवाज) केलं तेव्हा आवाज फुटला, कारण या स्वस्त डब्यांना डॉल्बी वगैरे उलगडता येत नाही. माणसं उंच-बारीक दिसत असतील तर प्लेयरमध्ये टीव्हीचा आकार ४:३ लेटरबॉक्स करून बघा, वरखाली काळ्या पट्ट्या येतील पण माणसं माणसांसारखी दिसतील.

आणि एवढं करून चित्र कसं, तर जुन्या डीव्हीडी प्लेयरपेक्षा काही बरं नाही. डबीतून शेवटी बाहेर पडते ती पिवळी वायरच, आणि तिच्यात रंग आणि उजेड एकत्र कोंबलेले असतात, म्हणून लाल साडीची कड पसरते, बारीक रेघांवर ठिपके चालतात. त्यापेक्षा टीव्हीच्या पाठीमागे टॉर्च मारून हिरवी-निळी-लाल भोकं आहेत का बघा. ती कंपोनंट, म्हणजे चित्र तीन वायरींत वेगळं वाटून नेणारी, आणि ती असतील तर डीव्हीडी प्लेयर त्यांनाच जोडा, फरक डोळ्यांना दिसतो. फक्त लाल वायरी दोन होतात, एक चित्राची, एक आवाजाची, तिथे हमखास घोळ. पिवळी वायर चुकून हिरव्यात गेली तर चित्र काळं-पांढरं येतं, टीव्ही बिघडला असं वाटून मेकॅनिकला फोन करू नका. कंपोनंट लावून पडदा फाटल्यासारखा दिसला तर प्लेयरचं प्रोग्रेसिव्ह स्कॅन (चित्राच्या सगळ्या रेघा एकाच फेरीत पाठवणं) चालू आहे, जुन्या सेटला ते पचत नाही, बंद करा (मेनू दिसत नसेल तर तात्पुरती पिवळी वायर लावा).

लग्नाची कॅसेट बघायला व्हीसीआर जोडलेला असेल तर त्याच्यातून डीव्हीडीची वायर नेऊ नका, कॉपी रोखायच्या युक्तीमुळे चित्र उजळतं-विझतं, थेट टीव्हीला लावा.

आपल्या गोव्यात आणखी एक, पावसाळा आणि खारा वारा. पिनांवर हिरवा थर चढतो, चित्रात मुंग्या येतात आणि आपण नवीन वायर आणतो. प्लग काढून पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, सॉकेटमध्ये दोनतीनदा फिरवा. मागचं झाकण मात्र उघडायचं नाही, बंद असला तरी पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात.

जाता जाता, टीव्हीचा शार्पनेस पूर्ण वाढवलेला असतो तो निम्म्यावर आणा, माणसांभोवतीची पांढरी कड जाते.

आमच्याकडे शेवटी जुना डीव्हीडी प्लेयरच कंपोनंटने लावलाय, आई त्यावर नाटकं बघते, आणि दुबईचा प्लेयर मी पर्वरीच्या फ्लॅटवर आणला. भावाला अजून सांगितलेलं नाही.