एआय सीव्ही चाळतो तेव्हा कोण गळतं, हे कसं तपासायचं

भरतीत पक्षपात आहे का, हे पाहायला बहुतेक जण निवड झालेल्यांची यादी उघडतात. सुरुवात नाकारलेल्यांपासून करा, कारण त्यांचं म्हणणं ऐकायला पुढे कुणीच नसतं.

एका पदाचे वर्षभरातले अर्ज घ्या आणि अर्ज, एआयची चाळणी, मुलाखत, ऑफर असे टप्प्याटप्प्याचे आकडे काढा. फक्त शेवटचा आकडा पाहिला, तर चाळणीतली गळती मुलाखतीच्या आकड्यांत झाकली जाते. वेगवेगळी पदं एकत्र मोजू नका. लिंग, वय, अपंगत्व ही माहिती उमेदवाराने स्वेच्छेने, वेगळ्या फॉर्मवर दिलेली असावी आणि निवड करणाऱ्यांना ती दिसू नये.

आता दर काढा. समजा, २०० पुरुषांपैकी ६० पुढे गेले, म्हणजे ३० टक्के. १२० स्त्रियांपैकी २४, म्हणजे २० टक्के. २० भागिले ३० केलं की ०.६७ येतं. अमेरिकेत १९७८ च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनी ०.८ ही धोक्याची खूण ठरवली. त्याखाली आलात तर कारण शोधायलाच हवं. वर असलात म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. गटात दहाच अर्ज असतील, तर एका उमेदवारामुळे दर १० टक्क्यांनी हलतो. अशा वेळी गुणोत्तरावर विसंबू नका, ते अर्ज स्वतः वाचा.

कारण शोधायला जोडीची चाचणी सगळ्यात उपयोगी. वीसेक सीव्ही घ्या, ओळख पटेल असे तपशील काढा, प्रत्येकाच्या दोन प्रती करा आणि एकच गोष्ट बदला: नाव, नोकरीतला दोन वर्षांचा खंड किंवा ‘क्रिकेट संघाची कर्णधार’ऐवजी ‘महिला क्रिकेट संघाची कर्णधार’. चॅटबॉटच्या धर्तीची मॉडेलं त्याच सीव्हीला दर वेळी वेगळे गुण देऊ शकतात. म्हणून आधी तीच प्रत पाच वेळा चालवून गुण किती हलतात ते टिपा. त्याहून मोठा आणि बहुतेक जोड्यांत एकाच बाजूला झुकणारा फरकच खरा धरा.

नुसतं नाव झाकून भागत नाही. अ‍ॅमेझॉनच्या प्रायोगिक प्रणालीची हकीकत २०१८ मध्ये बाहेर आली. दहा वर्षांच्या, मुख्यतः पुरुषांच्या सीव्हींवर ती शिकली होती. ‘महिलांचा’ अशा अर्थाचा शब्द दिसला की गुण कापायची. कॉलेज, पत्ता, नोकरीतला खंड, छंद यांतूनही ओळख झिरपते. ज्या निकषाचा कामाशी थेट संबंध दाखवता येत नसेल, तो काढून टाका आणि मोजणी पुन्हा करा.

व्हिडिओ मुलाखतीचे गुण यंत्र देत असेल तर जास्त जपा. तोतरं बोलणाऱ्याचं किंवा वेगळ्या उच्चारांचं बोलणं चुकीचं उतरवलं गेलं, तर चांगलं उत्तरही वाया जातं. लेखी उत्तराचा किंवा माणसासमोरच्या मुलाखतीचा पर्याय आमंत्रणातच द्या. मागून घ्यावा लागला तर बरेच जण संकोचाने गप्प राहतात.

‘अंतिम निर्णय माणूसच घेतो’ एवढ्याने जबाबदारी संपत नाही. गुण आधी दिसले की वाचणारा त्यांच्याच बाजूने कारणं शोधतो. म्हणून मत नोंदवेपर्यंत गुण लपवा. दर महिन्याला नाकारलेल्यांतले तीसेक सीव्ही यादृच्छिक काढून माणसाकडून वाचून घ्या. पुरवठादाराने मॉडेल बदललं किंवा तुम्ही जाहिरातीतल्या अटी बदलल्या, की जोडीची चाचणी त्याच आठवड्यात पुन्हा लावा.