नांगरटीने मातीचं काय झालं, ते घरच्या घरी कसं तपासावं

मातीत वाळू, पोयटा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कण) आणि चिकणमाती किती, हा झाला पोत. मशागतीने तो सहसा बदलत नाही. हेच कण एकमेकांना कसे धरून आहेत, ती घडण. नांगर, चाकं आणि खुरांखाली मोडते ती घडणच, म्हणून तपासायची तीच.

एकमेकींना लागून असलेल्या दोन जागा निवडा: एक वर्षानुवर्षं नांगरलेली, दुसरी बांधावरची किंवा गवताखालची, कुणी न हलवलेली. माती एकाच जातीची हवी, नाहीतर तुलना फसते.

दोन्हीकडच्या वरच्या 5 सेंमी थरातून बोटाच्या पेराएवढी तीन-चार ढेकळं अलगद उचला आणि सावलीत पूर्ण वाळवा. घाई नको. ओलसर ढेकूळ पाण्यात टिकतं आणि कमजोर मातीही उगाच पास होते.

काचेच्या ग्लासात वरच्या बाजूला जाळी अडकवून ती बुडेल इतकं पाणी भरा. जाळीवर ढेकूळ ठेवा आणि 5 मिनिटं बघत बसा. नांगरलेलं ढेकूळ बहुधा आधी विरघळतं. कोरड्या ढेकळात पाणी चहूबाजूंनी शिरलं की आतली हवा कोंडते आणि ते फुटतं. मुळं, बुरशीचे धागे आणि सेंद्रिय पदार्थांचा डिंक असेल तर टिकतं. नांगरटीने जमिनीत हवा खेळते, जिवाणू हा डिंक फस्त करतात आणि त्यातला कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो.

पाणी दुधासारखं गढूळ झालं तर मात्र मामला वेगळा. तिथे सोडियम जास्त असण्याची शक्यता असते. प्रयोगशाळेत माती परीक्षण करून घ्या.

आता पाणी किती मुरतं ते पाहू. 15 सेंमी व्यासाचा, दोन्ही तोंडं उघडी असलेला पत्र्याचा डबा अर्धाअधिक जमिनीत ठोका. आत प्लास्टिक अंथरून 450 मिली पाणी ओता, म्हणजे साधारण 2.5 सेंमीचा थर होतो. प्लास्टिक हळूच ओढून घ्या. पहिलं पाणी फक्त जमीन भिजवायला. ते जिरलं की तेवढंच पुन्हा ओता आणि या वेळी घड्याळ लावा. भेगाळलेल्या जमिनीत हे करू नका, सगळं पाणी भेगेतच पळतं.

नांगरलेल्या जागी पाणी तुंबून राहिलं, तर जोराच्या पावसात तेच माती घेऊन वाहणार. तिथे फूटभर खणून खड्ड्याच्या भिंतीत वरून खाली सुरी टोचत जा. नांगराच्या फाळाच्या खोलीवर ती अडली आणि मुळंही तिथेच आडवी वळलेली दिसली, तर तो नांगराचा तळ, म्हणजे नांगरटीखाली दाबून घट्ट झालेला थर.