इंग्लंड: रिपीट प्रिस्क्रिप्शनची विनंती सारखी नाकारली जात असेल तर

एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) ॲपवरून रक्तदाबाची नेहमीची गोळी पुन्हा मागवली (रिपीट प्रिस्क्रिप्शन) की माझी विनंती नाकारली जायची. पुन्हा मागवली, फार्मसीत विचारलं. तिथे काही पोचलंच नव्हतं. गोळ्या संपत आल्या की जीव टांगणीला लागतो.

अडलं होतं मेडिकेशन रिव्ह्यूपाशी, म्हणजे चालू औषधांच्या ठरावीक काळाने होणाऱ्या आढाव्यापाशी. त्याची तारीख उलटली की सर्जरी (आपल्या डॉक्टरांचा दवाखाना) पुढचं रिपीट थांबवू शकते. आधी रिसेप्शनला फोन करून थेट ‘रिव्ह्यू ड्यू आहे का?’ असंच विचारा. घरी मोजलेल्या बीपीचे आकडे तयार ठेवा. माझा रिव्ह्यू सर्जरीतल्या फार्मासिस्टने फोनवरच केला. रिपीट पुन्हा चालू झालं की ॲपमध्ये निवडलेली फार्मसी तपासा (घर बदललं तरी तिथे जुनीच राहते), आणि मगच विनंती पाठवा.

गोळ्या त्याआधीच संपणार असतील तर १११ या एनएचएसच्या हेल्पलाइनकडे तातडीचा पुरवठा मागता येतो.