प्रसूतीत औषधाची चूक झाल्याची शंका आहे? आधी केसपेपर मागा

डॉक्टरांशी वाद नंतर. आधी सगळ्या नोंदींच्या प्रतींसाठी लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार त्या ७२ तासांत मिळायला हव्यात. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर अजिबात समाधान मानू नका. औषधांचा तक्ता, नर्सच्या नोंदी आणि बाळाच्या ठोक्यांचा आलेख हवाच. कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन कधी सुरू केलं, किती वेगाने दिलं, ठोके मंदावल्यावर थांबवलं का, हे त्यातूनच कळतं. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत साधारण २ वर्षं असते आणि आजारी बाळाच्या धावपळीत ती सहज निघून जाते. सर्वांना मोफत सेवा देणारं सरकारी रुग्णालय असेल, तर मात्र दिवाणी न्यायालयात जावं लागतं.