लाईन गेली की तारीख मागे? सेल बदला

सातबारा काढायला कॉम्प्युटर लावला, तर एकही साईट उघडेना. क्रोम म्हणे, 'तुमचे घड्याळ मागे आहे'. नेटवाल्याला शिव्या देऊन झाल्यावर कोपऱ्यात पाहिलं: १ जानेवारी २०१२!

साईटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते. तारीख चुकली की ब्राउझर ते मानत नाही. इथे विंडोज नव्याने टाकून पैसे घालवू नका. मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवरचा, लाईन नसताना घड्याळ चालवणारा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. मदरबोर्डाला लाईनचा करंट मिळतोय तोवर घड्याळ चालतं, म्हणून शहरात लवकर कळत नाही. आपल्याकडे रात्री लाईन गेली की सकाळी पितळ उघडं.

सेल सीआर २०३२, ३ व्होल्टचा. काढण्याआधी कॉम्प्युटर चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, जा आणि सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढा; सेल काढला की ही सेटिंग पुसली जाऊ शकतात. साटा मोडचा (हार्डडिस्क कशी जोडायची त्याच्या सेटिंगचा) तर नक्कीच; जुन्या मदरबोर्डात तो बदलला की विंडोज सुरूच होत नाही, अन् मग तालुक्याला चकरा.

आता बंद करून पिन भिंतीवरच्या बोर्डातून काढा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. सेलच्या बाजूची बारकी क्लिप नखाने सरकवली की तो टुणकन वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. बायोसमध्ये फोटोंप्रमाणे सेटिंग जुळवा, तारीख-वेळ घाला आणि सेव्ह करायला एफ१० दाबा.

सेल मिळेपर्यंत? रोज तारीख हाताने लावायची.