समांतरभुज चौकोनाचे गुणधर्म पाठ न करता कसे मांडावेत

नववीच्या भूमितीत समांतरभुज चौकोन आला की त्याच्या गुणधर्मांची यादी वहीच्या मागच्या पानावर उतरवली जाते आणि चाचणी झाली की विसरली जाते. वास्तविक, ज्याच्या संमुख बाजूंच्या दोन्ही जोड्या समांतर असतात तो समांतरभुज चौकोन, एवढी व्याख्या पक्की असली तरी पुरते. बाकीचे सारे गुणधर्म कर्ण काढून मिळवता येतात.

प्रथम कच्ची आकृती काढून शिरोबिंदूंना क्रमाने अ, ब, क, ड अशी नावे द्यावीत. आकृती मुद्दाम तिरपी काढावी. ती आयतासारखी दिसली की कर्ण समान असल्याचे विद्यार्थी नकळत गृहीत धरतात.

आता कर्ण अक काढावा. अब आणि कड या समांतर बाजूंची अक ही छेदिका असल्यामुळे कोन बअक आणि कोन डकअ हे व्युत्क्रम कोन समान होतात. तसेच बक आणि अड समांतर असल्यामुळे कोन बकअ आणि कोन डअक समान होतात. बाजू अक सामाईक आहे. म्हणून कोबाको (कोन-बाजू-कोन) कसोटीने त्रिकोण अबक आणि त्रिकोण कडअ एकरूप ठरतात, आणि त्यावरून संमुख बाजू समान, संमुख कोनही समान, हे एकदमच हाती येते. एकरूपता लिहिताना अक्षरांचा क्रम संगतीनुसारच ठेवावा. दुसरा कर्ण काढून छेदनबिंदू म घेतल्यास त्रिकोण अमब आणि त्रिकोण कमड याच कसोटीने एकरूप होतात, म्हणजे कर्ण परस्परांना दुभागतात.

लगतचे कोन परस्परांचे पूरक असतात, म्हणजे त्यांची बेरीज 180° असते. कोन अ (3य + 12)° आणि कोन ब (2य + 18)° असेल, तर 5य + 30 = 180, म्हणून य = 30; कोन 102° आणि 78°.

गुणधर्म आणि कसोटी यांची गल्लत मात्र टाळावी. संमुख बाजूंची एकच जोडी समांतर आणि दुसरी जोडी समान, एवढ्यावरून चौकोन समांतरभुज ठरत नाही, कारण तो समद्विभुज समलंबही असू शकतो. समांतर असलेलीच जोडी समान असेल, तर ठरतो.

हा भेद पाहायचा असेल तर सांगली-मिरजेच्या वाढत्या वस्तीत एखाद्या घराची आखणी चालू असताना थांबावे. समजा, समोरासमोरच्या दोऱ्यांची एक जोडी प्रत्येकी 15 आणि दुसरी प्रत्येकी 20 फूट भरली. तेवढ्याने समांतरभुज चौकोन झाला, खोली काटकोनात आली असे नव्हे. त्यासाठी दोन्ही कर्णांना टेप लावावी. दोन्ही 25 फूट भरले तरच तो आयत. एक जास्त भरल्यास, बाजूंची मापे तीच ठेवून, एका बाजूच्या दोन्ही खुंट्या कर्ण सारखे होईपर्यंत सरकवाव्या लागतात.